छातीच्या उंचीवर

मंगळवारी सकाळी सात वाजता आमच्या रस्त्यावरची झाडं तोडायला माणसं आली. झाडं अकरा होती. बारा वाजेपर्यंत दहा पडली. आमचे व्याही त्या दिवशी नागपुरात होते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

चंद्रपूर शहरात सावलीत उभं राहण्याच्या लायकीचा एकही माणूस जन्माला आलेला नाही, असं आमच्या व्याह्यांचं मत होतं आणि ते त्यांनी शेवटपर्यंत कुणापासून लपवलं नाही. माझ्यापासून तर मुळीच नाही. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाशी जरा वाकून बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे. त्यांनी ती मोडली असं म्हणता येणार नाही, कारण अशी काही रीत असते हे त्यांच्या कानावरच आलं नव्हतं. त्यांची नोकरी वनखात्यात, आलापल्लीच्या सागाच्या जंगलात झाली. सुरुवातीची काही वर्षं तोडायच्या झाडांची मापं घेण्यात गेली आणि पुढची सगळी लाकडाच्या डेपोत, ओळीनं पडलेल्या लठ्ठ्यांवर नंबर टाकण्यात. झाडाकडे बघायला मान वर करावी लागते. ती खाली आणून माणसाकडे बघायची वेळ आली की त्यांचा चेहरा असा काही पडे, की समोरच्याला आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं.

मुलगी द्यायची म्हणून ते पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा बैठकीत बसायच्या आधी फाटकापाशीच थांबले. तिथे मी लावलेली सुबाभूळ आहे. "हे कोनं लावलं?" त्यांनी विचारलं. माझी बायको कौतुकानं म्हणाली, "यांनीच. रोप फुकट मिळालं होतं." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमी शिकलेले दिसता." मी म्हणालो, हो, कॉलेजात ग्रंथपाल होतो. "मंग याले झाड म्हनून राह्यले काऊन? हे गवत होय. जरासं लंबं झालं." मुलाचा पगार त्यांनी विचारला नाही, घर कुणाच्या नावावर आहे हेही विचारलं नाही. जाताना मात्र फाटकात उभं राहून, मला ऐकू जाईल अशा आवाजात, बरोबर आलेल्या मुलीला म्हणाले, "पोरगा बरा आहे. बापाचं काई सांगता येत नाई."

लग्न झालं. पुढे विहीणबाई वारल्या आणि व्याह्यांनी आलापल्ली सोडून आमच्याच रस्त्यावर, चार घरं पलीकडे, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. म्हातारपणी मुलीजवळ आलो असं ते लोकांना सांगत. मला खात्री आहे की त्यांना आमच्या रस्त्यावरची झाडं आवडली होती आणि मुलगी तिथे आधीपासून होती हा निव्वळ योगायोग होता. चार कडूनिंब, तीन करंज, दोन चिंचा आणि वळणाच्या जरा अलीकडे एक मोह. हा मोह शहर इथवर पोचायच्या आधीचा होता. शहर त्याच्यापाशी आलं, त्याच्याभोवती पसरलं आणि पुढे गेलं. रोज संध्याकाळी व्याही धोतराच्या सोग्यात टेप खोचून निघत आणि एकेका झाडाचा घेर मोजत. मोजून झालं की झाडाला एक थाप. त्या थापेत जेवढी माया होती तिचा शंभरावा हिस्सा जरी आमच्या वाट्याला आला असता, तरी आम्ही धन्य झालो असतो.

मे महिन्यात आमच्या गावी दुपारी बाहेर पडणारा माणूस एका सावलीतून दुसऱ्या सावलीत पळतो. मधलं अंतर तो श्वास धरून कापतो. व्याही बरोबर त्याच वेळी परीक्षा घेत. कुणी झाडाखाली मोटारसायकल लावून उभा असला की विचारत, "या झाडाचं नाव सांगा." नाव आलं नाही की, "मंग उनात व्हा. ज्याच्या घरी थांबले त्याचं नावच मालूम नाई तुमाले." लोक चिडत, हसत, पण बहुतेक जण खरोखरच दोन पावलं उन्हात सरकत. एकदा वाहतुकीचा एक हवालदार करंजाखाली उभा होता. त्यानं "पिंपळ" असं उत्तर दिलं आणि व्याह्यांचा चेहरा पाहून तो स्वतःहूनच उन्हात गेला. नंतर मला हळूच विचारत होता, "साहेब कोणत्या खात्यातले?" या परीक्षेत एकच माणूस पास झाला. पहिल्या निंबाखाली पंक्चरचं दुकान थाटून बसलेले चाचा. त्यांना विचारलं तेव्हा ते टायर पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होते. मान वर न करता म्हणाले, "साहब, मेरे को क्या पूछते. मैं तो इस नीम का किरायेदार हूँ." व्याही त्यांच्या लाकडी पेटीवर बसले. पुढे रोज बसू लागले.

त्यांच्या खिशात एक पक्कड असे. क्लासवाल्यांनी, दाताच्या दवाखान्यांनी, प्लॉट विकणाऱ्यांनी झाडांना ठोकलेल्या पाट्यांचे खिळे ते उपटून काढत आणि पाटी मालकाला नेऊन देत. एका क्लासच्या सरांना त्यांनी विचारलं, "तुमी काय शिकवता?" सर म्हणाले, जीवशास्त्र. व्याह्यांनी खिळा त्यांच्या टेबलावर ठेवला आणि परत आले. हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा शेवटी म्हणाले, "जीवशास्त्र!" आमच्या शेजारच्या गृहस्थांची तक्रार होती की निंबाची पानं पडून अंगणात कचरा होतो, फांदी छाटायला हवी. या गृहस्थांना चाळिशीतच टक्कल पडलं होतं. व्याही म्हणाले, "भाऊ, तुमचे केस पडले तवा कोनी डोक्शावर कुऱ्हाड घातली का?"

वस्तीतल्या मंडळानं एका जुलैत त्यांना वृक्षारोपणाला पाहुणे म्हणून बोलावलं. कुणी सुचवलं कोण जाणे, नंतर सगळ्यांनीच नाकबूल केलं. मांडव, हार, रोपाला धरलेले आठ हात, आठही चेहरे कॅमेऱ्याकडे. दोन शब्द बोला म्हणाले. व्याही उभे राहिले. "मागच्या साली याच गड्ड्यात झाड लावलं होतं. त्याच्या मागच्या सालीबी याच गड्ड्यात लावलं. झाडं मेली. गड्डा जगला. गड्ड्याचं अभिनंदन." आणि बसले. टाळ्या फक्त चाचांनी वाजवल्या, आणि मी. मी हळू वाजवल्या. मी सगळंच हळू करतो.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. पाहणीला एक तरुण इंजिनियर आला. हातात नकाशा, नकाशात रस्ता, रस्त्यावर झाड एकही नाही. व्याही त्याला म्हणाले, "साहेब, जोडे काढा." त्याला वाटलं जवळपास देऊळ असेल. त्यानं काढले. "आता या मोहापासून त्या निंबापर्यंत चाला." तो चालला. दुपारचे दोन वाजले होते, पण डांबर सावलीत होतं, पाय टेकत होते. शेवटच्या निंबाच्या पुढे रस्ता उघडा होता. "आता पुढं चाला." इंजिनियर चार पावलं गेला, पाचवं हवेतच ठेवलं आणि उड्या मारत परत निंबाखाली आला. "झाली पाहनी," व्याही म्हणाले. त्या मुलाचं मला कौतुक वाटतं. तो रागावला नाही. त्यानं जोडे घातले, नकाशावर पेन्सिलीनं काहीतरी केलं आणि सांगितलं की झाडं वाचवून रस्ता करता येईल. फक्त वळणावरचा एक करंज जाईल, त्याला इलाज नाही. रस्त्याच्या ठेकेदाराला तसं कळवतो म्हणाला.

व्याह्यांना शहरी माणसाच्या शब्दावर विश्वास नव्हता आणि या वेळी तो ठेवायचा तर पुरावा हवा होता. डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस होते. "मी नागपुरात असताना एखादं झाड गायब झालं तर? कोन म्हनल इथी झाड होतं?" डेपोत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं घालवली होती ती एकाच नियमावर. ज्या लाकडावर नंबर नाही ते चोरीचं. ज्यावर नंबर आहे त्याला कुणी हात लावत नाही. म्हणून त्यांनी झाडांवर नंबर टाकायचं ठरवलं.

दोन दिवस आम्ही ते काम केलं. मी डबा धरला. निळी शाई आणि जुनी पुस्तकं यांच्यात आयुष्य गेलेल्या माणसाला इतक्या मोठ्या अक्षरांचं काम कधी मिळालं नव्हतं, मला आवडलं. आधी खोड काथ्यानं घासून स्वच्छ करायचं. मग जमिनीपासून छातीच्या उंचीवर गेरूचा पट्टा. तो वाळला की त्यावर पांढऱ्या रंगानं आकडा आणि आकड्याखाली घेराचं माप. त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला होता, पण हात हलत नव्हता. सातचा आकडा ते असा काढत की वाटावं, छापखान्यातून आलाय. वळणावरच्या करंजावरही त्यांनी नंबर टाकला; तो करंज तोडायला त्यांनी इंजिनियरला होकार दिलेलाच नव्हता. दहा झाल्यावर मी म्हणालो, "आता हिलाही टाका." आणि माझ्या सुबाभळीकडे बोट केलं. त्यांनी ब्रश धुवायला घेतला. "इवाई," (व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात) "गवताले नंबर देत नसतात." मला राग आला. त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहा घेतला नाही.

मंगळवारी मुकादम आला तो मुलचेऱ्याकडचा, आलापल्लीच्याच जंगलपट्टीतला होता. बरोबर सहा माणसं आणि दोन मशीनच्या करवती. ठेकेदारानं त्याला सांगितलं होतं, नंबर टाकलेलं झाड तोडायचं. आपला माणूस वळणावरच्या करंजावर नंबर टाकून आला असेल या समजानं ठेकेदाराच्या डोक्यात एक झाड होतं, मुकादमाला दहा दिसली. शंका नको म्हणून त्यानं फोनही केला, आणि फोनवरून पुन्हा तेच उत्तर आलं, नंबर असेल तर तोडा. करवतीचा आवाज ऐकून मी बाहेर पडलो तेव्हा दोन निंब आडवे झाले होते. मी "थांबा" म्हणालो. वाचनालयात हयात घालवलेल्या माणसाचं "थांबा" ते, शेजारच्या टेबलापुढे गेलं नाही. मी मुकादमाचा हात धरला तेव्हा त्यानं मशीन बंद केली आणि फार अदबीनं मला खोडावरचा आकडा दाखवला. "नंबर हाय जी." मी म्हणालो, हे नंबर वाचवण्यासाठी टाकलेत. तो हसला नाही, पण त्याला ते समजलंही नाही. "कूपात, जंगलतोडीवर, मी पंधरा साल काम केलो. छातीच्या उंचीवर गेरू, वर नंबर, खाली घेर. म्हंजे तोडाचं झाड. वाचवाच्या झाडावर कोन नंबर टाकते?" मग कौतुकानं म्हणाला, "असे आकडे आता कोनी काहाडत नाई. जानकार मानूस हाय जी कोनीतरी."

तो खरं बोलत होता. पडलेल्या लाकडावर नंबर म्हणजे राखण आणि उभ्या झाडावर नंबर म्हणजे तोड. व्याह्यांनी दोन्ही कामं केली होती. उभ्या झाडांचं करून इतकी वर्षं झाली होती की ते विसरले होते. आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी डबा धरला होता. मी इंजिनियरचा फोन नंबर शोधायला घरात गेलो, चष्मा सापडेना. चाचा मोहाच्या बुंध्याला पाठ लावून उभे राहिले, त्यांना दोघांनी दंडाला धरून बाजूला केलं. मोह शेवटी पडला.

शेजारी बाहेर आले. एक बाई म्हणाल्या, "कसं मोकळं मोकळं वाटून राह्यलं नाई?" टक्कलवाले गृहस्थ म्हणाले, आता आपलं घर चौकातून दिसतं. घर पाहण्यासारखं नव्हतं.

व्याही शनिवारी परत येणार होते. आम्ही घरात बसून ठरवलं की त्यांना खरं सांगायचं नाही. वरून हुकूम आला, नकाशा बदलला, असं सांगायचं. त्यांची मुलगी, म्हणजे माझी सून, म्हणाली, "बाबांना झाडं गेल्याचं दुःख पेलवेल. पण आपल्या हातानं गेली हे नाही पेलवणार." मी सरकारी भाषेत एक वाक्य तयार करून पाठ केलं. मी आयुष्यात फारसं खोटं बोललेलो नाही. सराव नव्हता.

ते ऑटोतून उतरले. डोळ्यांवर काळा चष्मा होता. आधी त्यांनी रस्त्याकडे पाहिलं आणि ऑटोवाल्याला विचारलं, "इथी काऊन थांबवलं?" त्यांना वाटलं गल्ली चुकली. मग चाचा दिसले, छत्री बांधून बसलेले. व्याही पहिल्या बुंध्याशी गेले, वाकले, कापलेल्या भागावरून हात फिरवला. मग दुसऱ्या. दहाही बुंध्यांपाशी ते गेले, मी मागून. मोहापाशी जरा जास्त वेळ. मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग वळून आमच्या फाटकाकडे पाहिलं. नवा डोळा होता, लख्ख दिसत असणार. सुबाभूळ उभी होती.

"मंग हे काऊन राह्यलं?"

मी पाठ केलेलं वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"मुकादम कुठला होता?"

"मुलचेऱ्याकडचा," मी म्हणालो. "कूपात काम केलेला."

त्यांनी मान हलवली. "त्याची चूक नाई, इवाई. येवढ्या मोठ्या गावात माझं लिवलेलं वाचता येनारा तो येकलाच मानूस निघाला."

त्यानंतर व्याह्यांनी कुणाला नाव विचारलं नाही. कुणाच्या पाट्या काढल्या नाहीत. आम्ही सगळे आतून सुखावलो असू असं कुणाला वाटेल, पण तसं झालं नाही. शिव्या खायची सवय लागली की शिवी न मिळालेला दिवस लांबतो. टक्कलवाले गृहस्थ एकदा मुद्दाम त्यांच्यासमोर अंगणात सिमेंट ओतून घेत होते. व्याही म्हणाले, "चांगलं दिसून राह्यलं." गृहस्थ घाबरून माझ्याकडे आले, तब्येत बरी आहे ना विचारायला. मे आला तेव्हा चाचांनी पेटी उचलून आमच्या फाटकाशी आणली आणि व्याहीही तिथे येऊन बसू लागले. गवताबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही नाही. सुबाभळीची सावली पातळ असते, तुकड्यातुकड्यांची. तिच्यात तीन म्हातारे बसले तर एकाचा गुडघा उन्हात राहतो. आम्ही पाळीपाळीनं बसत होतो.

एकदा दुपारी चाचा नमाजाला गेले असताना व्याही उठले. टेप त्यांनी कधीच मुलीकडे देऊन टाकला होता. त्यांनी सुबाभळीला दोन्ही हातांनी कवेत घेतलं, गाल खोडाला टेकला, बोटं पलीकडे जुळतात का ते पाहिलं. जुळत होती आणि वर चार बोटं उरत होती. मी पुस्तकात तोंड घालून बसलो, कारण अशा वेळी माणसाकडे बघू नये. "ती पोसली नाई अजून," ते म्हणाले. पहिल्यांदाच तिला "ती" म्हणाले. "पानी देत नाई का तुमी?"

मी म्हणालो, देतो.

"बुडाशी देता. मुळं बाहीर हायेत. बाहीर द्या."

होळीच्या आधी ते गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास नाही, असं लोक म्हणाले. त्यांच्यामुळे कुणाला त्रास नाही, असं त्यांच्याबद्दल कुणी पहिल्यांदाच म्हटलं असेल. मंडळानं श्रद्धांजलीची सभा घेतली आणि त्यांना वृक्षप्रेमी म्हटलं. ते असते तर म्हणणाऱ्याला त्यांनी उन्हात उभं केलं असतं. त्या सभेत मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो, सगळे थांबले, आणि मी खाली बसलो. हे लिहायलाही मला पुष्कळ दिवस लागले.

रस्ता आता रुंद झाला आहे. दुभाजकावर सिमेंटच्या कुंड्या आल्या आहेत, त्यांना हिरवा रंग दिला आहे. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच त्या रस्त्यावर कुणी नसतं.